धुरपदामावशीची गाठ आणि माझे अकरा बत्तासे

सकाळची पूजा आटोपली की आदल्या दिवसाचं वहीत लिहायचं, ही माझी लग्नापासूनची सवय. तिथी, वार, नैवेद्य काय केला, कोण आलं, कोण गेलं. सतरा वर्षांत वहीत मी देवाशी कधी लबाडी केली नाही. फक्त यंदाच्या पंधरा ऑगस्टच्या पानावर एक ओळ आहे, 'पावसामुळे झेंडा नीट उघडला नाही.' ती खोटी आहे. ती खोडायची आहे म्हणून हे लिहिते. पण लिहायला बसलेच आहे तर धुरपदामावशीचंच लिहिते, कारण खोटं माझं असलं तरी भोगलं तिनं.

धुरपदाबाई आमच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवते. साऱ्या गावाची ती मावशी. माहेर वालूरचं, सासर आमचं गाव, ताडकळसच्या बाजाराला आम्ही जातो त्या रस्त्यावरचं. वय विचारलं तर म्हणते, "माज्या लग्नात वाजंत्र्यावर ढग फुटला व्हता, तवापून मोजा." अंगानं काटक, आवाज मात्र असा की पोरं हौदावर असली तरी "ताटं घ्या रे" ऐकून पळत येतात.

आणि दुसरं काम, ज्याचा पगार नाही. शाळेचा झेंडा ती बांधते. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट आणि आपल्या मराठवाड्याच्या मुक्तिदिनाचा सतरा सप्टेंबर, या चार दिवशी.

आता वाटेल, खिचडीवाल्या बाईला झेंडा बांधायला कोणी शिकवलं? त्याचीही गोष्ट आहे. मावशीनं वीस हंगाम ऊस तोडला. दिवाळी झाली की पाथरीकडून गाडी यायची, नवरा-बायको संसार गाडीत टाकून जायचे ते चैत्रातच परत. तोडलेल्या उसाची मोळी बांधायचं काम बाईचं. दोरी वगैरे काही नसते, उसाचंच हिरवं वाढं, म्हणजे शेंड्याची पात, ते पिळायचं, मोळीला वेढा द्यायचा आणि गाठ अशी मारायची की डोक्यावरून गाडीपर्यंत सुटू नये, आणि गाडीत टाकल्यावर एका हिसड्यात सुटावी. "दिसाला शंभर गाठी मारायचे," ती सांगते. "झोपेतबी बोटं चालायची. माजा घरधनी म्हणायचा, माज्या धोतराला नको गं गाठ मारू."

एका सव्वीस जानेवारीला त्यांच्या टोळीच्या पोरांसाठी फडाजवळच झेंडावंदन ठेवलं होतं. कोणी साहेब आले होते. त्यांनी दोरी ओढली, झेंडा उघडेना. परत ओढली. मग तर दोन्ही हातांनी लोंबकळायलाच लागले. टोळीतली माणसं नुसती बघत उभी. मावशी मोळ्यांमधून पुढं आली, चपला काढल्या, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "सायेब, ओढू नका. ढिल्ली सोडा जरा. गाठ ओढल्यानं आवळती." साहेबानं दोरी तिच्या हातात दिली. तिनं ढील दिली, दोनदा अलगद हलवलं, आणि झेंडा उघडला. साहेब चांगला माणूस असावा. त्यानं कार्यक्रम झाल्यावर तिला जवळ बोलावून घडी कशी घालायची, केशरी कुठं ठेवायचा, दोरी कशी लावायची, सगळं दाखवलं. तिला अक्षर येत नाही, पण तो धडा तिनं असा पाठ केला की आमच्या योगीराज गुरुजींनासुद्धा कधी कधी तिला विचारावं लागतं.

योगीराज गुरुजी म्हणजे आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांच्या आधीच्या मुख्याध्यापकांनीच मावशीच्या हातात झेंडा दिला, ते बारा वर्षं तसंच चाललेलं. बारा वर्षांत एकदाही झेंडा अडकला नाही.

तिचे नियम मी पाहिलेले आहेत, कारण फुलं आमच्या अंगणातली जातात. झेंड्याला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायचे. चपला दाराबाहेर. झेंडा जमिनीला टेकवायचा नाही, टेबलावर धुतलेलं धोतर अंथरून त्यावर ठेवायचा. जवळ चहाचा कप आणायचा नाही. झेंडा बांधत असताना कोणी खोकलं तरी ती मान वर करून बघते. आणि संध्याकाळी दिवस बुडायच्या आत उतरवायला हजर. एकदा माझ्याकडं पुरणाचा घाट चालला होता, मावशी वाटायला बसली होती, मधेच ताडकन उठली. मी म्हणाले, "अहो, एवढा एक गोळा राहिलाय." तर म्हणे, "गोळा थांबतुय माय, दिवस थांबत न्हाई." आणि पुरणाच्या हातानं नाही गेली बरं का, हात धुऊन, पदर सारखा करून गेली. मी देवघरात जेवढं सोवळं पाळते तेवढंच ती त्या तीन रंगांचं पाळते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता माझी चूक.

यंदा श्रावणात मी पोथीचं पारायण धरलं होतं. त्याची समाप्ती आली चौदा ऑगस्टला. प्रसादाला ताडकळसच्या बाजारातून बत्तासे आणलेले. त्याच वेळी आमची निकिता, सातवीतली, तिला पंधरा ऑगस्टला सलामीची आज्ञा द्यायला निवडलेलं. सगळ्या शाळेपुढं उभं राहून 'सावधान' आणि 'सलामी दो' ओरडायचं. आणि पोरीचा घसा नेमका आठ दिवस बसलेला. हळदीचं दूध दिलं, ज्येष्ठमध दिलं, गुळण्या करवल्या. आवाज निघे, पण मधेच फाटे. घरातल्या घरात 'सावधान' म्हणाली की गोठ्यातलं वासरू दचकायचं. पोर रडकुंडीला आली होती. मी पारायणात मनातल्या मनात तेवढंच मागितलं.

चौदाला संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे फुलांची परडी घेऊन शाळेत गेले. गुलाबाच्या पाकळ्या, थोडी जास्वंद, कण्हेर. पदराला प्रसादाचे अकरा बत्तासे बांधलेले, मावशीला दोन-तीन वेगळे. मावशीनं तोंडात एक टाकला, "गोड झालं बघ पारायण," म्हणाली. मग हात धुतले, धोतर अंथरलं, झेंडा ठेवला, पाकळ्या एकेक निरखून पुसून मधोमध पसरल्या. "ओल्या न्हाईत ना गं?"

"नाही मावशी, कोरड्या आहेत."

तेवढ्यात स्वयंपाकाच्या खोलीतून करपल्याचा वास आला. कोणी दूध ठेवलं होतं गॅसवर. मावशी धावली. आणि मी, त्या झेंड्यासमोर एकटी.

मनात आलं, उद्या या पाकळ्या पोरांच्या डोक्यावर पडणार. निकिता अगदी खाली उभी राहणार. पाकळ्यांबरोबर पारायणाचा प्रसादही पडला तर? वरून, झेंड्यातून आलेला प्रसाद! मला ते इतकं शुभ वाटलं की अंगावर काटा आला. पुढचा विचारही मी केला, म्हणजे शहाणपणाच केला म्हणा. अख्खा बत्तासा कोणाच्या डोळ्यात लागायला नको. म्हणून हातात चांगले चुरले, देवाचं नाव घेतलं, आणि अकराच्या अकरा बत्तासे पाकळ्यांच्या खाली पसरून टाकले. एवढं करून नमस्कार केला.

मावशी आली, पुन्हा हात धुतले, घड्या घातल्या, गाठ मारली, झेंडा धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात घालून कपाटात वरच्या फळीवर ठेवला. रात्री पाऊस झाला. सकाळी अभ्र्यावर दोन-चार मुंग्या दिसल्या म्हणे. शाळेत खिचडीचं सामान असतं, मुंग्या नेहमीच्याच. तिनं फुंकून काढल्या आणि भुरभुर पावसात झेंडा खांबावर चढवला.

पंधराला सकाळी सगळं गाव जमलं. सरपंच दिनकरराव कडक इस्त्रीचा सदरा आणि पांढरी टोपी घालून आलेले. निकिता पुढं. मला तिच्या घशाचीच काळजी. पण पोरीनं 'सावधान' म्हटलं ते असं खणखणीत की माझे हात आपोआप जोडले गेले. दिनकररावांनी दोरी ओढली.

काही नाही.

परत ओढली. गाठ सुटलेली दिसली, दोरीचं टोक खाली आलं, पण झेंडा तसाच. पानाचा विडा दुमडून ठेवावा तसा, वर चिकटून बसलेला. दिनकररावांनी मान वर करून तिसऱ्यांदा जोराचा हिसका दिला. तेव्हा तो अर्धा उघडला, केशरी हिरव्याला चिकटलेलाच, आणि पाकळ्यांचा एक ओला गोळा थेट त्यांच्या टोपीवर पडला. पोरांना शिकवलेलं एवढंच, फुलं पडली की राष्ट्रगीत सुरू करायचं. त्यांनी सुरू केलं.

आणि गोळ्याबरोबर मुंग्या आल्या होत्या. लाल.

मी समोरच्या रांगेत होते. पहिली मुंगी दिनकररावांच्या कपाळावर आली ती मी पाहिली. मग दोन कानामागं गेल्या. मग कॉलरीत. दिनकररावांचा हात कपाळाला सलामीत, दुसरा मांडीला चिकटलेला. त्यांचा चेहरा लाल झाला, मिशी थरथरायला लागली, एक डोळा आपोआप मिटला. पण माणूस हलला नाही. शेवटच्या जयपर्यंत बोटसुद्धा हललं नाही. त्यानंतर मात्र त्यांनी टोपी फेकली, सदऱ्याची बटणं काढली आणि हौदाकडं जे पळाले ते गावानं पाहिलं. पोरं हसली. बायांनी पदर तोंडाला लावले. मला हसू नव्हतं. मला कळलं होतं.

मावशीनं झेंडा हळूहळू खाली घेतला, जमिनीला टेकू न देता दोन्ही हातांवर झेलला. घडीत बोट घातलं. बोट हुंगून पाहिलं. मग मान वर केली आणि सगळ्या गर्दीतून बरोबर माझ्याकडं बघितलं.

गुरुजी धावत आले. "मावशी, काय झालं? फुलं ओली होती का?"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण बाजूला निकिता, आवाज फुटला म्हणून आनंदानं फुललेली. आमचे हे, निकिताचे वडील महारुद्र, शाळा समितीचे अध्यक्ष, पाहुण्यांच्या खुर्चीत. गाव मला देवभोळी, शहाणी बाई म्हणतं. मी तोंड परत मिटलं. निकिताचा घसा सुटला आणि माझा बसला.

मावशी म्हणाली, "चूक माजीच झाली गुरुजी. गाठ माजी, तर जिम्मेदारीबी माजीच."

गुरुजींनी कपाटातला दुसरा झेंडा आणून साधाच चढवला, पाकळ्यांविना. त्या पहिल्या झेंड्यावर जास्वंदीचा लाल डाग पांढऱ्या पट्टीवर पसरला होता. मी घरी आले आणि वहीत लिहिलं, पावसामुळे.

आठवड्यानं शाळा समितीची बैठक झाली. आमचे हे जेवताना सांगायला लागले, "सतरा सप्टेंबरला तहसीलचे पाहुणे यायलेत. मावशीचं वय झालं आता. पप्पूला सांगितलंय झेंडा बांधायला."

पप्पू म्हणजे गावचा मंडपवाला. लग्नाचा मंडप, भोंगे, लाइटिंग सगळं त्याच्याकडं.

मी भाकरी वाढत होते. "मावशी काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? 'बरं' म्हणल्या. उठून गेल्या." मग जरा थांबून म्हणाले, "बाहेर जाताना खांबाला हात लावून गेल्या पण."

त्या दिवसापासून माझी पोथी वाचून होईना. ओळ वाचायची, आणि दुसऱ्या ओळीला मावशी दिसायची. मी निकिताकडून गुरुजींना निरोप पाठवला, तो डागाचा झेंडा मला द्या, मी गंगेत सोडून येते, गोदामाईत, निर्माल्यासारखा. तेवढं तरी करावं म्हणून. गुरुजींचा निरोप आला, "वहिनींना सांग, भावना चांगली आहे, पण झेंडा पाण्यात सोडायचा नसतो. त्याची वेगळी रीत आहे, ती आम्ही करू." म्हणजे तिथंही मी चुकणारच होते.

महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं दोघी उभ्या असतात, सोळा भाज्या, पुरणपोळी, गावातल्या बाया जेवायला. मावशी दरवर्षी येते. यंदा येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली. हात-पाय धुतले, महालक्ष्म्यांना नमस्कार केला, पंगतीत बसली, सगळं मनापासून जेवली. मी शेवटी प्रसादाचं ताट घेऊन आले, त्यात बत्तासे होते. तिनं एक उचलला, बोटांत फिरवून बघितला, आणि एवढ्या हळू म्हणाली की मलाच ऐकू जावं, "हे जपून ठीव माय. याला वर चढायची लय हौस हाय."

मी ताट तसंच पुढच्या बाईपुढं धरलं.

बाया गेल्यावर मी तिला मागच्या अंगणात धरलं. "मावशी, तुम्हाला माहीत होतं."

"वीस वर्सं उसात काढली मी. साखरंचा चिकट मला सांगायलीस?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुजी लेक समूर उभी व्हती. आठ दिवस मुकी झालेली पोर, आवाज फुटला तिचा. त्या वक्ताला म्हणू, हिच्या मायनं केलं? पोरीचा हात खाली आला असता."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "आता रडू नगंस, महालक्ष्म्या बघायल्यात. तू काय वाईट मनानं टाकलं? देवाचं म्हणून टाकलं. पण माय, त्याच्यात फुलाबिगर काई घालायचं नसतंय. कुकू न्हाई, परसाद न्हाई, तीर्थ न्हाई. तुज्या देव्हाऱ्यात कुणी येऊन उसाची मोळी ठिवली, तर?"

मला रडता रडता हसू आलं.

"त्या झेंड्याचं काय झालं?"

"गुरुजी आन् म्या. पोरं घरी गेल्यावर, शाळंच्या मागं. जागा सारवली. घडी घालून अख्खाच अग्नीला दिला. राख व्हईस्तवर उभं ऱ्हायलो दोघंबी." तिनं नाक ओढलं. "तेवढं तरी माज्या हातानं झालं. हे बघ, मी जलमभर लोकांच्या गाडीत मोळ्या टाकल्या. खिचडी काय, पोटात गेली की संपली. माज्या हातचं वर गेलेलं एवढंच. असू दे. पप्पू करंल."

असू दे म्हणाली, पण अंगणातल्या गुलाबाकडं तिनं पाहिलं नाही. दरवर्षी जाताना ती विचारते, 'सप्टेंबरला फुलतील ना गं?'

सोळा सप्टेंबरला संध्याकाळी चारला शाळेत तालीम होती. मी परडी घेऊन गेले, पाकळ्या कोणी का बांधेना, अंगण आमचंच. तिथं दिनकरराव, गुरुजी, आमचे हे, पप्पू. मावशी स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात भांडी पुसत होती, तिचं तिकडं लक्ष नव्हतं, म्हणजे पूर्ण होतं.

नांदेडहून आणलेला खादीचा नवा कोरा झेंडा पप्पूनं भोंग्याच्या डब्यावर पसरला होता. शेजारी चहाचा ग्लास. खिशातून त्यानं प्लास्टिकची पट्टी काढली, वायरी आवळायला वापरतात तसली. खरं सांगायचं तर तालमीची त्याची गाठ नीट सुटली, टॉवेल बांधून दाखवला तो पहिल्याच झटक्याला उघडला. दिनकरराव "शाब्बास" म्हणाले. म्हणजे देवानं मला तीही सोय ठेवली नव्हती. पप्पू चुकला असता तर मावशीला बोलावलं असतं आणि माझं गुपित झाकलेलंच राहिलं असतं.

मावशी दारातून एवढंच म्हणाली, "बाबा, ग्लास तेवढा खाली घे."

पप्पू म्हणाला, "मावशी, झालं ना आता तुमचं? एकदा सरपंचाला मुंग्या लावल्या, तेवढ्यावर भागवा की."

सगळे हसले. मावशी पण हसली. ते तिचं हसणं मला बघवलं नाही.

"मुंग्या मी लावल्या," मी म्हणाले.

कोणाला नीट ऐकू गेलं नाही. मी परडी खाली ठेवली आणि निकिताचा आठवून, तसाच खणखणीत आवाज काढला. "सरपंच, मुंग्या मी लावल्या. मावशीची गाठ बरोबर होती. त्या दूध बघायला गेल्या तेव्हा मी झेंड्यात बत्तासे चुरून टाकले. पारायणाचा प्रसाद. अकरा होते."

भोंग्यावरची चिमणी उडाली. आमचे हे माझ्याकडं असे बघत होते, जणू मी हिंदीत काही बोलले. गुरुजींनी चष्मा काढला. दिनकरराव सावकाश उठले.

"वैनी, म्हणजे त्या मुंग्या तुमच्या?"

"माझ्या."

"लाल?"

"हो."

"बावन्न सेकंद, वैनी. बावन्न. एकेक सेकंद मोजलाय मी. आन् शेवटाला तर एक अशा ठिकाणी गेली..." ते थांबले, बाया समोर आहेत हे लक्षात आलं. मग त्यांच्या मिशीतून जे हसू फुटलं ते थांबेचना. खुर्चीत बसले आणि मांडीवर हात मारायला लागले. पप्पू हसला, गुरुजी हसले.

आमचे हे शेवटी बोलले. "मला चहात साखर विचारून विचारून घालती. आन् झेंड्याला अकरा बत्तासे!"

हसणं ओसरलं तसे दिनकरराव मावशीकडं वळले. "मावशी, तुमी महिनाभर ऐकून घेतलं. समितीत बी. बोलला न्हाईत."

"काय बोलू?" मावशी म्हणाली. "तुमीबी तर हलला न्हाईत त्या दिवशी. मला वाटलं, सरपंच मुंग्या सोसतुय, मी काय दोन शबुद सोसू नये?"

दिनकररावांनी टोपी काढली आणि हातात धरली.  पप्पूनं गुपचूप ग्लास उचलला आणि त्या डब्यावरून झेंडा उचलायला गेला. मावशी ओरडली, "थांब! हात धू आदी." तो धुवायला पळाला. परत आला तो म्हणाला, "मला आपला भोंगाच बरा, मावशी. याच्यात लय पथ्य हाय."

गुरुजींनी माझ्याकडं बघून शांतपणे सांगितलं, "वहिनी, घडीत फुलांच्या पाकळ्या चालतात, बाकी काहीही नाही. झेंड्यावर काही लिहायचं नाही, काही लावायचं नाही. पोरांना मी दरवर्षी सांगतो. पालकांना सांगायचं राहिलं, ही माझी चूक." चूक वाटून घ्यायची त्या दिवशी सगळ्यांनाच हौस आली होती.

"आता शिक्षा," दिनकरराव म्हणाले. "समितीचे अध्यक्ष, तुमच्या मंडळीला काय शिक्षा?"

आमचे हे म्हणाले, "ते मावशीनी ठरवावं."

मावशीनं धोतर आणलं, टेबलावर अंथरलं. कोपरापर्यंत हात धुतले आणि मला म्हणाली, "ये हिकडं. हात धू. आजपून टोक धरायचं काम तुजं." मी हात धुऊन आले तर म्हणे, "मुठी उघड." मी सगळ्यांसमोर मुठी उघडल्या. "पदर झटक." झटकला. "परडी दाव." तिनं पाकळ्या एकेक बघितल्या, आणि दिनकररावांना म्हणाली, "तुमी बी बघून घ्या एकदा." ते खरंच वाकून बघून गेले.

मग तिनं बांधायला घेतलं. पहिल्यांदा मी तिची बोटं जवळून पाहिली. उसाच्या पात्यांनी कापलेली, नखं तुटकी. पण त्या कापडावर अशी चालत होती की मी देवाला वस्त्र नेसवते तेव्हाही माझी तशी चालत नाहीत. केशरी कुठल्या बाजूला येणार ते तिनं दोनदा तपासलं. शेवटचा वेढा दिला, टोक मोकळं ठेवलं, आणि मला म्हणाली, "बघ, हे टोक कुणी धरलं तरी सुटलं पायजे. गाठ मी मारते, पर सोडायचा मान दुसऱ्याचा."

सतराला ऊन पडलं होतं. तहसीलचे पाहुणे आले, पण पाहुण्यांनीच सांगितलं की दोरी सरपंचांनी ओढावी. निकितानं 'सावधान' म्हटलं. दिनकररावांनी दोरी धरली आणि ओढण्याआधी एकदा वर बघितलं. मग खाली, माझ्याकडं. मी मान हलवली. त्यांनी हिसका दिला.

सळकन उघडला. गुलाबाच्या पाकळ्या कोरड्या, हलक्या, वाऱ्यानं पार हौदापर्यंत गेल्या. एक निकिताच्या वेणीत अडकली. पोरांनी राष्ट्रगीत धरलं. मावशी खिचडीच्या खोलीसमोर ताठ उभी होती, चपला बाजूला काढलेल्या, डोळे वर. तिचे ओठ हलताना मी पाहिले. शब्द तिला सगळे येतात.

संध्याकाळी मी वाती करत बसले होते. दिवस अजून कडुनिंबाच्या वरच होता. बाहेरून हाक आली, "येयलीस का? दिवस थांबत न्हाई." मी वाती तशाच ठेवून हात धुतले आणि गेले. आम्ही दोघींनी झेंडा उतरवला. तिनं मला घडी शिकवली, केशरी आणि हिरवा पांढऱ्याच्या खाली, मग दोन्हीकडून आत, वर चक्र. माझी पहिली घडी वाकडी झाली. तिनं उलगडून परत घालायला लावली. तीनदा.

तर पंधरा ऑगस्टच्या पानावरची ती ओळ मी आज खोडली आणि खाली लिहिलं, 'झेंडा माझ्यामुळे अडकला.' सतरा सप्टेंबरच्या पानावर लिहिलं, 'झेंडा पहिल्या हिसड्यात उघडला. बांधला धुरपदामावशीनं. मी दोन टोकं धरली होती.'

एक राहिलं. राष्ट्रगीत संपल्यावर, पाहुणे भाषणाला उठायच्या आत, दिनकररावांनी हळूच टोपी काढली, आत नीट बघितलं, झटकली, आणि परत घातली. मावशी तिकडून ओरडली, "काई न्हाई व सरपंच, आज झेंडा उपासाचाय!"